घरी रंगवलेल्या केसांत उतरलेली नारंगी झाक: एका प्रकरणाचा अभ्यास

माझ्या मावसबहिणीने घरच्या घरी केस रंगवले आणि सोळाव्या दिवशी तिने मला बोलावून घेतले. केस रंगवण्याच्या कामात मी अनेक वर्षे असल्यामुळे असे निरोप मला नवे नाहीत. तरीही हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावेसे वाटले. घरी केस रंगवताना होणाऱ्या जवळजवळ सगळ्या चुका त्यात एकाच डोक्यावर एकत्र आल्या होत्या, आणि त्या दुरुस्त करताना माझ्याही हातून एक चूक झाली. बहिणीच्या परवानगीनेच हे लिहीत आहे.

दार उघडताच तिने डोक्यावरचा रुमाल काढला आणि म्हणाली, "ताई, पहिल्या दिवशी इतका छान दिसत होता गं. मग दर धुण्याला नारंगी नारंगीच होत गेला." या एका वाक्यात निदानाचा अर्धा भाग आलेला होता. पहिल्या दिवशी चांगला दिसलेला आणि नंतर धुण्यागणिक नारंगी होत गेलेला केस सांगत असतो की, वर बसवलेला थंड, म्हणजे निळसर-राखी झाकेचा रंग निघून जात आहे आणि खाली जे उघडे पडले होते ते आता दिसू लागले आहे. नारंगी झाक बाहेरून आलेली नसते. ती केसाच्या आत होतीच, आणि म्हणूनच ती धुऊन निघत नाही.

पूर्वस्थिती

तिचे वय ३४. केस खांद्याखाली उतरणारे, साधारण ४० सेंटीमीटर लांब, मूळ रंग गडद तपकिरी. केसांचा गडदपणा मोजण्यासाठी आम्ही १ ते १० अशी पट्टी वापरतो. १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अतिशय फिका सोनेरी. या पट्टीवर तिचे नैसर्गिक केस ३ लेव्हलला बसतात. गेली दोन वर्षे ती दर दोन महिन्यांनी तीन नंबरचा गडद तपकिरी रंग घरीच लावत होती आणि प्रत्येक वेळी तो मुळांपासून टोकांपर्यंत ओढत होती. त्यामुळे टोकांवर रंगाचे अनेक थर साठले होते, तर मधल्या भागावर दोन-तीनच थर होते आणि तेही बरेच विरले होते. त्यानंतर तिने तीन महिने काहीच लावले नाही. केस महिन्याला एक सेंटीमीटरहून थोडे अधिक वाढतात, त्यामुळे मुळाशी साडेतीन सेंटीमीटर कोरा, कधीही न रंगवलेला केस आलेला होता.

अशा केसांवर तिने ७.१ क्रमांकाची शेड लावली. बिंदूच्या आधीचा आकडा गडदपणा सांगतो आणि नंतरचा आकडा छटा. बहुतेक कंपन्यांत १ म्हणजे राखी छटा, जिला बोलताना सगळेच ॲश म्हणतात. पेटीतला डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचे द्रावण, ९ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा, म्हणजे ३० व्हॉल्यूमचा होता. पेटीवर ३५ मिनिटे लिहिलेली असताना तिने तो ५० मिनिटे ठेवला, कारण आरशात केस पुरेसे उजळलेले वाटेनात. लावायला सुरुवात तिने मुळांपासून केली आणि नंतर तोच रंग खाली ओढला.

दहाव्या दिवसापासून तिने जांभळा शाम्पू वापरायला घेतला. तीन वेळा वापरला, आणि दर वेळी तो अर्धा अर्धा तास डोक्यावर ठेवला. नारंगी रंग तसूभरही हलला नाही. केस मात्र कोरडे पडले. यानंतर ब्लीच आणून सगळे केस एकदाच पिवळे करावेत आणि मग त्यावर हवा तो रंग लावावा असा तिचा विचार होता. सुदैवाने त्याआधी तिने मला बोलावले.

खिडकीजवळची तपासणी

केसांचा रंग पिवळ्या दिव्याखाली कधीही तपासू नये. घरगुती पिवळसर दिव्याचा प्रकाश साधारण २७०० केल्विनचा असतो आणि त्यात शुद्ध थंड तपकिरी केसही तांबूस दिसतात. दिवसाउजेडी हा आकडा ५००० ते ६५०० केल्विनच्या आसपास असतो. म्हणून मी तिचे केस कंडिशनर न लावता धुवायला लावले, पूर्ण वाळवले, आणि दुपारी खिडकीपाशी बसवून डोके चार भागांत वाटून पाहिले.

एका केसावर एकाखाली एक पाच पट्टे दिसले. मुळाशी अर्धा सेंटीमीटर नवा गडद केस. त्याखाली सुमारे एक सेंटीमीटरचा पिवळट नारंगी पट्टा, लेव्हल ७. त्याखाली अडीच सेंटीमीटर उघड नारंगी, लेव्हल ६. मग हाताच्या वीतभर अंतरात लालसर तपकिरी, कुठे ४ तर कुठे ५. आणि शेवटचा जवळजवळ अर्धा केस तसाच गडद, नव्या रंगाची त्यावर खूणही नाही. भांगाच्या दोन्ही बाजूंना नारंगी वलय दिसत होते ते यामुळेच, आणि तिच्या दृष्टीने सगळा त्रास त्या वलयाचा होता.

हे पट्टे कसे पडले हे समजल्याशिवाय उपाय ठरवता येत नाही, म्हणून इथे थोडे थांबून सांगते.

काळ्या-तपकिरी केसात युमेलॅनिन हे गडद रंगद्रव्य भरपूर असते आणि त्याच्या सोबत फिओमेलॅनिन हे लालसर-पिवळे रंगद्रव्य कमी-अधिक प्रमाणात असते. कायम टिकणाऱ्या रंगातला अमोनिया किंवा त्याच्या जागी वापरलेला दुसरा अल्क घटक केसाला फुगवतो आणि क्युटिकल नावाचे वरचे खवले उघडतो. मग पेरॉक्साइड आत शिरून ही रंगद्रव्ये मोडू लागते. त्याच वेळी रंगाचे लहान रेणू आत जाऊन एकमेकांशी जोडले जातात आणि मोठे होऊन अडकून बसतात. म्हणजे एकाच वाटीत दोन कामे चालू असतात: जुने उजळणे आणि नवे भरणे. गडद रंगद्रव्य आधी मोडते, लाल-पिवळे अधिक चिवटपणे टिकून राहते. म्हणून गडद केस उजळताना आधी लाल, मग लालसर नारंगी, मग नारंगी, मग पिवळट नारंगी, पिवळा आणि शेवटी फिका पिवळा असा ठरलेला क्रम दिसतो. ४ लेव्हलला लाल, ५ ला लालसर नारंगी, ६ ला नारंगी, ७ ला पिवळट नारंगी, ८ ला पिवळा. त्यामुळे केस नारंगी दिसला की त्याचा अर्थ एवढाच असतो की तो ६ लेव्हलपर्यंत आला आणि तिथे थांबला. तो रंग बिघडलेला नसतो. तो आपल्याला स्वतःची जागा सांगत असतो. उबदार, म्हणजे लाल-नारंगी-पिवळी झाक दूर करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही एक गोष्ट आधी मनात पक्की करावी असे मला फार कळकळीने वाटते, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावरच उभे असतात.

आता तिच्या केसांत काय घडले ते पाहू. कोऱ्या साडेतीन सेंटीमीटरवर ९ टक्के पेरॉक्साइडने ३ लेव्हलचा केस ६ पर्यंत नेला. टाळूला लागून असलेल्या सेंटीमीटरभर भागाला अंगाची ऊब मिळाली, ऊब मिळाली की ही क्रिया वेगाने होते, शिवाय रंग आधी तिथेच लागला होता. म्हणून तो भाग आणखी एक लेव्हल वर गेला. मधल्या भागात जुन्या रंगाचे थर पातळ होते, त्यामुळे थोडेसे उजळले आणि खालचा लाल डोकावला. टोकांवरचे थर मात्र जाड होते, आणि एक रंग दुसऱ्या कृत्रिम रंगाला उजळवू शकत नाही हा या कामातला अगदी पहिला नियम आहे. तिथे काही होणार नव्हते आणि झाले नाही. मूळ केस, पातळ थर आणि जाड थर या तिन्हींवर एकच वाटी लावली तर पट्टे पडणारच.

राहिला प्रश्न असा की शेड ॲश असूनही नारंगी दबला का नाही. ७.१ मधला निळसर रंग ७ लेव्हलच्या पिवळट नारंगी पार्श्वभूमीला पुरेल एवढाच असतो. तिचा केस होता ६ वर, म्हणजे नारंगी जास्त आणि निळा कमी. पहिल्या दिवशी तो कसाबसा पुरला. चार-पाच धुण्यांत विरला आणि नारंगी उरला.

जांभळ्या शाम्पूने काही का केले नाही, हेही यातच येते. रंगचक्रावर जांभळ्याच्या समोर पिवळा असतो, निळ्याच्या समोर नारंगी आणि हिरव्याच्या समोर लाल. समोरासमोरचे दोन रंग एकमेकांना मारतात आणि तपकिरी-करडेपणाकडे नेतात. जांभळा शाम्पू फिक्या पिवळ्या केसांसाठी बनलेला असतो. तिच्या केसांत त्याचा परिणाम झालाच असेल तर तो मुळाजवळच्या पिवळट पट्ट्यात, आणि तिथेही जेमतेम. त्याला अर्धा तास ठेवल्याने नारंगीवर काम होत नाही. उलट वारंवार आणि दीर्घकाळ केस धुऊन केस रूक्ष होतात.

मी तिला आणखी काही प्रश्न विचारले. कधी मेंदी लावली होती का? नाही. केस हळूहळू काळे करणारे, धातूचे क्षार असलेले एखादे तेल किंवा लोशन? तेही नाही. हे दोन्ही प्रश्न टाळता येत नाहीत, कारण धातूचे क्षार असलेल्या केसांवर पेरॉक्साइड पडले तर केस तापतात आणि तुटू शकतात. काळ्या तात्पुरत्या टॅटूनंतर कधी पुरळ आले होते का? नाही. काही काळ्या टॅटूंमध्ये केसांच्या रंगातलेच पॅरा-फेनिलीनडायमीन असते आणि त्याची एकदा ॲलर्जी झाली की ती आयुष्यभर सोबत करते. एक प्रश्न मात्र मी विचारला नाही, आणि तो पुढे मला भोवला.

शेवटी ओल्या केसाची ताण-परीक्षा. निरोगी ओला केस हळूच ओढला तर लांबतो आणि सोडला की पूर्ववत होतो. खराब झालेला केस लांबून तसाच लोंबतो किंवा पटकन तुटतो. मुळांचे आणि मधले केस परीक्षेला उतरले. टोकांकडचे काही केस लगेच तुटले. ब्लीचचा विषय मी तिथेच संपवला.

कोणता मार्ग धरावा

मी तिला विचारले, "तुला नेमकं काय हवंय? केस फिके हवेत, की नारंगी नको?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "नारंगी नको. फिके नाही झाले तरी चालेल." हा प्रश्न बहुतेक जणी स्वतःला विचारत नाहीत. सगळी धडपड नारंगी घालवण्यासाठी असते आणि हातात मात्र केस आणखी उजळवणारी वस्तू असते. आणखी उजळवले की नारंगीच्या जागी पिवळा येतो, पिवळ्यासाठी पुन्हा टोनर, म्हणजे झाक दाबणारा हलका रंग, आणि दरम्यान केसाची ताकद संपते. पेरॉक्साइड रंगद्रव्यासोबत केसाला घट्ट धरून ठेवणारे गंधकाचे बंधही मोडते; ते मोडलेले बंध कुठल्याही कंडिशनरने पूर्ववत होत नाहीत.

सगळे पुन्हा ३ लेव्हलच्या गडद रंगाने झाकणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. तो मी सुचवला नाही, कारण त्यामुळे टोकांसारखेच जाड थर मुळांवरही बसले असते आणि पुढे कधी उजळायचे म्हटले तर हीच अडचण दुप्पट झाली असती. नुसता निळा शाम्पू नारंगीवर चालला असता, पण त्याने पट्टे एकसारखे झाले नसते. म्हणून आम्ही ठरवले ते असे: नारंगी भाग अर्धा-एक लेव्हल खाली आणायचा, म्हणजे तो मधल्या तपकिरी भागाला मिळेल, आणि त्याच वेळी त्यातली उबदार झाक निळ्या पायाच्या, म्हणजे मुळात निळी छटा मिसळलेल्या, रंगाने दाबायची. यासाठी डेमी-पर्मनंट रंग, म्हणजे सौम्य डेव्हलपरसोबत वापरला जाणारा, केस जवळजवळ न उजळवणारा आणि धुण्यांसोबत हळूहळू विरणारा रंग, सर्वांत योग्य ठरतो. चूक झालीच तर ती कायमची राहत नाही, हा त्याचा मोठा गुण.

घरगुती उपायांविषयी तिने विचारले, तेव्हा मी स्पष्टच सांगितले. लिंबाचा रस लावून उन्हात बसल्यास केस आणखी उजळतात आणि झाक वाढते. खाण्याच्या सोड्याने खवले उघडतात आणि उरलासुरला थंड रंग लवकर निघून जातो. व्हिनेगरने केस काहीसे गुळगुळीत होतात, पण त्यात नारंगीला मारणारा कुठलाही रंग नसतो. यांतले काहीही करू नये.

बटांवरची परीक्षा

रंगाचा थेंब कानामागे लावून ४८ तास वाट पाहिली. दोन वर्षे रंग लावणाऱ्या व्यक्तीलाही ही वाट पाहणे आवश्यक असते, कारण ॲलर्जी कधीही, कितव्याही वेळी सुरू होऊ शकते. त्वचेवर काहीही उमटले नाही.

मग मानेजवळच्या आतल्या केसांतून चार बारीक बटा निवडल्या. मी घेतलेल्या रंगमालिकेत १ या अंकामागे निळा-हिरवा पाया होता. कंपनीनुसार हा पाया निळा, निळा-हिरवा किंवा निळा-जांभळाही असतो, म्हणून कंपनीचा तक्ता पाहिल्याशिवाय वाटी कालवू नये.

पहिल्या बटेवर ७.१ लावला. वीस मिनिटांनंतरही ती नारंगीच होती. आधीच्या चुकीची ही छोटी प्रतिकृतीच म्हणायची. दुसऱ्या बटेवर निव्वळ ६.१. अडीच सेंटीमीटरचा नारंगी पट्टा सुंदर दबला, पण वरच्या पिवळट सेंटीमीटरवर हिरवट करडेपणा आला, कारण निळ्या-हिरव्याला तिथे नारंगी कमी आणि पिवळा जास्त मिळाला. तिसऱ्या बटेवर ५.१, तर ती जवळजवळ काळपट झाली. उजळलेला केस सच्छिद्र होतो आणि रंग अधाश्यासारखा ओढून घेतो. अशा केसावर प्रत्येक शेड पेटीवरच्या चित्रापेक्षा गडद उतरते. चौथ्या बटेवर ६.१ आणि ६.० समसमान. यातला ६.० हा नैसर्गिक पायाचा रंग, ज्यात तिन्ही मूळ रंग तोललेले असतात. बाराव्या मिनिटाला ही बट थंड तपकिरी झाली, आणि तिचा काळपटपणाही वाढला नाही. हाच मेळ मी नारंगी पट्ट्यासाठी ठरवला. पिवळट पट्ट्यासाठी ६.० मध्ये थोडासा जांभळ्या पायाचा ६.२, आणि लालसर मधल्या भागासाठी ५.१ व ५.० समसमान, कारण लालसर झाकेला त्या पायातला हिरवा उपयोगी पडतो.

चार बटांना मिळून दीड तास गेला. बहीण कंटाळली होती. पण त्या दीड तासात तीन चुका टाळल्या गेल्या, आणि त्या तिन्ही चुका नाहीतर साऱ्या डोक्यावर झाल्या असत्या.

प्रत्यक्ष काम

केस सौम्य शाम्पूने धुऊन टॉवेलने टिपून घेतले. किंचित ओल्या केसांवर डेमी रंग सारखा पसरतो आणि सच्छिद्र जागी एकदम चढत नाही. गडद टोकांना भरपूर कंडिशनर लावून ती बाजूला बांधली. त्यांना रंगाची गरज नव्हती, आणि कंडिशनर असले की ओघळणारा रंग त्यांच्यावर फारसा बसत नाही. तीन वाट्या केल्या आणि प्रत्येकीत कंपनीच्या सूचनेप्रमाणे एक भाग रंग व दोन भाग सौम्य डेव्हलपर वजनकाट्यावर मोजून घातला. अंदाजाने ओतू नये. डेव्हलपर कमी-जास्त झाला की रंग अर्धवट खुलतो किंवा पातळ होऊन घसरतो.

क्रम महत्त्वाचा होता. सर्वांत आधी लालसर मधला भाग, कारण त्याला वेळ जास्त लागणार होता. आठव्या मिनिटाला नारंगी पट्टा. चौदाव्या मिनिटाला टाळूजवळचा पिवळट पट्टा, कारण तिथे ऊब होती आणि रंग झपाट्याने चढणार होता. दर तीन मिनिटांनी मी एक बट ओल्या कापडाने पुसून पाहत होते. रंग लावलेल्या अवस्थेत लेप जांभळा, निळसर, काळपट असा काहीही दिसतो. त्यावरून निर्णय घेणाऱ्याची फसगत होते. पुसलेल्या बटेचाच रंग खरा. ओला केस वाळलेल्या केसापेक्षा गडद दिसतो, म्हणून हवा त्यापेक्षा थोडा जास्त थंड आणि गडद दिसेपर्यंत थांबले आणि बाविसाव्या मिनिटाला धुवायला घेतले. पाणी कोमट. उरलेला लेप टाकून दिला. कालवलेला रंग झाकण लावून ठेवला तर त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बंद डबी फुटू शकते.

वाळवल्यावर डोक्यावरचे वलय नाहीसे झाले होते. भांगात पाहिले तरी पट्ट्याची सीमा शोधावी लागत होती. बहीण आरशासमोरून हलेना.

मग मला कपाळालगतचे केस दिसले. दोन्ही कानशिलांपाशी आणि भांगाच्या टोकाशी बोटभर रुंदीत ते मळकट, हिरवट करडे झाले होते.

चूक आणि तिची दुरुस्ती

मी न विचारलेला प्रश्न तो हाच: केस सरळ करण्याची गरम इस्त्री वापरतेस का? ती रोज सकाळी फक्त पुढच्या केसांवर वापरत होती. कपाळालगतचे केस मुळातच बारीक, त्यात रोजची इस्त्री, त्यात ९ टक्के पेरॉक्साइड. ते मागच्या केसांपेक्षा अधिक उजळलेले आणि कितीतरी सच्छिद्र होते. माझ्या चारही बटा मानेजवळच्या होत्या, आणि मानेजवळची बट कपाळाबद्दल काहीच सांगू शकत नव्हती. एक बट कानशिलाजवळून घेतली असती तर हे त्या दीड तासातच कळले असते. आता मी एक परीक्षेची बट पुढूनच घेते.

त्या दिवशी फक्त एवढेच केले: पुढचे केस खोल स्वच्छता करणाऱ्या शाम्पूने दोनदा धुतले. ताजा डेमी रंग सच्छिद्र केसातून काहीसा निघून येतो. करडेपणा अर्ध्याने उतरला, हिरवट झाक मात्र राहिली. त्याच दिवशी पुढे काही करणे टाळले. आठवड्याने पुन्हा गेले, ६.४ ही तांबूस शेड अगदी थोडी घेतली आणि तिच्या अनेक पट रंगहीन डेमी मिसळून ती फिकी केली. हा लेप त्या बोटभर केसांवर तीन मिनिटे ठेवून धुतला. हिरवट गेले आणि तपकिरी आले. ज्या तांबूस झाकेपासून सुटका करण्यासाठी सगळा खटाटोप चालला होता, तिचाच एक कण परत घालावा लागला. बहिणीला हे ऐकून धास्ती वाटली होती, पण उबदार रंग हा शत्रू नव्हे. तपकिरी रंगात लाल, पिवळा आणि निळा तिन्ही असतात. त्यातला एखादा पूर्ण काढून टाकला की केस मेलेल्या रंगाचे दिसतात. नारंगी नको म्हणून निळ्यावर निळा चढवत राहणाऱ्यांचे केस हिरवट, काळपट होतात ते यामुळेच.

पुढचे चार महिने

टोकांचे तीन सेंटीमीटर कापले. गरम इस्त्री बंद केली. केस धुण्याच्या दिवसांमध्ये अंतर वाढवले, कारण उजळलेल्या केसावरची नैसर्गिक मेदाचा पातळ थर गेलेला असतो आणि असा केस प्रत्येक वेळी अधिक पाणी पिऊन फुगतो; रंग त्या पाण्यासोबतच बाहेर येतो. शाम्पू कोणता यापेक्षा पाणी किती वेळा आणि किती गरम, याने जास्त फरक पडतो असा माझा अनुभव आहे. घराबाहेर उन्हात जाताना डोके झाकायला सांगितले. उन्हातले अतिनील किरणही रंग फिका करतात आणि झाक वर आणतात.

तिसऱ्या आठवड्यात नारंगी पुन्हा हलकी डोकावू लागली. हे होणारच होते आणि तसे मी तिला आधीच सांगून ठेवले होते, म्हणून ती घाबरली नाही. निळा शाम्पू आठवड्यातून एकदा, तीन मिनिटे, फक्त वरच्या भागावर. जांभळा नव्हे. सहाव्या आठवड्यात ६.१ आणि ६.० चा तोच मेळ आठ मिनिटे पुन्हा लावला, कपाळालगतचे केस वगळून.

तिसऱ्या महिन्यात खरा प्रश्न समोर आला, तो म्हणजे मुळाशी वाढलेल्या नव्या केसांचे काय करायचे. ७ लेव्हलची हौस कायम ठेवली असती तर दर वेळी ३ पासून इतके वर चढावे लागले असते आणि दर वेळी नारंगीशी नवी लढाई झाली असती. तिच्यासारख्या गडद केसांना सांभाळता येईल अशी थंड छटा ५ लेव्हलच्या आसपास मिळते, असे मी तिला सांगितले आणि तिने ते मान्य केले. नव्या वाढीवर ५.१ व ५.० समसमान, ६ टक्के डेव्हलपरसह लावले. या वेळी सुरुवात टाळूपासून अर्धा सेंटीमीटर सोडून केली आणि तो अर्धा सेंटीमीटर शेवटच्या दहा मिनिटांत भरला, म्हणजे उबेमुळे तो पुढे पळू नये. जुन्या केसांवर रंग ओढला नाही.

चौथ्या महिन्याच्या अखेरीस खिडकीपाशी पुन्हा तपासले. मुळापासून मध्यापर्यंत केस ५ लेव्हलचा थंड तपकिरी आहे. उन्हात किंचित तांबूस चमक येते, आणि ती तिला आता आवडते. कपाळालगतचे केस अजून मागच्यापेक्षा लवकर फिके होतात, म्हणून त्यांची वाटी आणि वेळ आम्ही वेगळी ठेवतो. टोकांचा जुना गडद थर वीतभर उरला आहे. तो उजळायचा नाही, दर दोन महिन्यांनी थोडा थोडा कापायचा, असे ठरले आहे.